उघडं सॉफ्टवेअर चोराला सोपं पडतं का?

प्रश्न : मी कोल्हापुरात वकिली करतो. ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर विंडोज १०. आता सपोर्ट संपला असा निरोप सारखा स्क्रीनवर येतो. दुरुस्तीवाला म्हणतो, नवीन मशीन घ्या. मुलगा म्हणतो, कोर्टात उबुंटू चालतंय, मग आपणही लिनक्स टाकू. त्यावर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं असं की, ज्याचा कोड अख्ख्या जगाला वाचता येतो त्यावर अशिलांची कागदपत्रं ठेवणं म्हणजे चोराच्या हातात घराचा नकाशा देणं. खरं कुणाचं मानायचं?
– एक वकील वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोर्टाबद्दल मुलाचं निरीक्षण बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं ई-कोर्ट प्रकल्पासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला. जिल्हा न्यायालयांत उबुंटू आलं ते त्यातूनच. तुमच्या खटल्याची पुढची तारीख ज्यातून दिसते ती सीआयएस प्रणालीही मुक्त सॉफ्टवेअरवरच उभी आहे. पण यावरून ‘न्यायाधीशांनी निकाल दिला, लिनक्स सुरक्षित’ असा अर्थ काढू नका. देशभरातल्या हजारो कॉम्प्युटरचा लायसन्सचा खर्च वाचणं आणि एकाच कंपनीच्या दावणीला बांधून न घेणं, हीदेखील वजनदार कारणं आहेत.

दुरुस्तीवाल्याची शंका वेडगळ नाही, फक्त जुनी आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञानं एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात सांकेतिक लिपीसाठी अट घातली होती : सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. कोल्हापुरात हे पटवायला फार खटाटोप नको. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव तालमीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतात आणि खासबाग मैदानात बघायला बसलेल्यांनाही. पैलवान पडतो तो डाव माहीत नव्हता म्हणून नव्हे. आणि ज्याची सगळी मदार लपवलेल्या डावावर, त्याची कुस्ती एकदाच चालते.

शिवाय बंद कोड चोरालाही बंदच असतो, हे कुणी सांगितलं? मायक्रोसॉफ्ट २००३ पासून निवडक सरकारांना आपला कोड बघू देते. विंडोज एक्सपीचा कोड सप्टेंबर २०२० मध्ये इंटरनेटवर फुटला. मुळात चोराला तो लागतच नाही. तयार प्रोग्रॅम उसवून भोकं शोधणारी मंडळी याच कामात मुरलेली असतात. कंपनीनं नवं अपडेट दिलं की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवायची आणि ठिगळ कुठं लागलंय ते बघायचं. ठिगळ तिथं भोक. ज्यांनी अपडेट टाकलेलं नाही, त्यांच्या मशीनमध्ये ते भोक अजून तसंच आहे.

इथवर वाचून मुलगा खूश झाला असेल. आता त्याला थोडं थांबवतो. कोड वाचता येतो, याचा अर्थ तो कुणी वाचलाय असा नाही. सात-बारा कुणालाही काढता येतो, म्हणून गावातला प्रत्येक जण रोज शेजाऱ्याचा उतारा काढून बघत बसत नाही. बहुतेक लिनक्समध्ये असलेल्या ‘बॅश’ या प्रोग्रॅममध्ये १९८९ मध्ये एक चूक शिरली. ती सापडली सप्टेंबर २०१४ मध्ये. पंचवीस वर्षं कोड उघड्यावर पडलेला होता आणि एवढ्या काळात कुणाच्या नजरेला ती खटकली नाही.

त्याहून बोलकी गोष्ट २०२४ ची. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारं एक छोटं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा माणूस एकच, तोही फुकट आणि थकलेला. ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी त्याच्या मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास कमावला, चाव्या हातात घेतल्या आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसवला. तोही दर्शनी कोडमध्ये नव्हे, तर चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या पोटात. पुढं तो जगभरच्या सर्व्हरवर गेला असता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला मात्र लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, ते त्याला सहन होईना, म्हणून तो खोदत गेला. २९ मार्च २०२४ रोजी त्यानं हे जगजाहीर केलं. तोवर चोरदरवाजा काही लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचला होता. बहुतेकांच्या नेहमीच्या आवृत्त्या वाचल्या.

आता ही गोष्ट कुणाच्या बाजूची साक्ष? मुलगा म्हणेल, कोड उघडा होता म्हणून तर फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं. दुरुस्तीवाला म्हणेल, उघडा होता म्हणूनच कुणी अनोळखी माणूस आत येऊन बसला. दोघंही बरोबर आहेत. (फ्रॉइंडची नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये आहे. उलटतपासणीत हा मुद्दा दोन्ही बाजूंना वापरता येईल!) माझा कौल थोडा मुलाकडे झुकतो. उघडेपणानं तपासणी होत नाही, पण शंका आली तर कुणाची परवानगी न मागता तपासता येतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण छडा फक्त कंपनीच लावू शकते, आणि आपल्याला कधी व किती सांगायचं तेही तीच ठरवते.

पण उघडं की बंद हा वाद २०१७ च्या मे महिन्यानं जवळजवळ बिनकामाचा ठरवला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या विंडोज मशीन कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. म्हणजे बळी पडलेल्यांच्या हातात दोन महिने होते. त्याच मे महिन्यात लिनक्सवर फाइली वाटून घेण्यासाठी वापरतात त्या ‘सांबा’ या सॉफ्टवेअरमध्येही तसंच जबरी भोक निघालं, तेही सात वर्षं जुनं. एक बंद, एक उघडं, काम दोघांचं तेच आणि दोन्हीकडं वाचले ते वेळेत अपडेट टाकणारे.

कोल्हापूरकरांनी तर हे प्रकरण आपल्याच एटीएमवर पाहिलंय. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमचे व्यवहार ज्या ‘स्विच’मधून जातात त्यात मालवेअर घालून शेजारी एक खोटा स्विच उभा केला गेला. कार्ड घातलं की ‘खात्यात पैसे आहेत का’ हा सवाल बँकेपर्यंत जायचाच नाही, खोटा स्विच परस्पर ‘द्या’ म्हणायचा. बनावट कार्डं घेऊन माणसं २८ देशांत एटीएमपुढं उभी होती. भारतातही पैसे निघाले, आणि ज्या शहरांतून निघाले त्यांत कोल्हापूर होतं. दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ते सगळे कार्ड घेऊन फिरणाऱ्या टोळीतले. या जातीच्या हल्ल्यांत वापरलं जाणारं मालवेअर संशोधकांना पुढं एकामागून एक तीन रूपांत सापडलं : आधी आयबीएमच्या एआयएक्स या सिस्टीमसाठी, मग विंडोजसाठी आणि २०२४ मध्ये लिनक्ससाठी. गिऱ्हाईक ज्या सिस्टीमवर असेल त्या मापाचा सदरा शिवून देणारे हे शिंपी आहेत.

तर तुमच्या दोन मशीन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळते. आधी मशीन विंडोज ११ घेतं का ते बघा. टीपीएम २.० नावाची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तेवढं असेल आणि विंडोज अस्सल असेल तर बढती फुकट आहे, दुरुस्तीवाल्याचं नवीन मशीन लागणार नाही. विंडोज ‘क्रॅक’ करून टाकलेलं असेल तर मात्र सुरक्षिततेची चर्चा इथंच थांबवू. घराची किल्ली कुणा अनोळखी माणसाकडून करून घेतली आणि वर कुलपाची कंपनी कुठली विचारतोय, असा तो प्रकार.

मशीन ११ घेत नसेल तर मुलाचं ऐका, पण अर्धंच. ज्या मशीनवर मेल उघडता, अशिलांनी पाठवलेल्या पीडीएफ उघडता, ई-फायलिंग करता, तिच्यावर उबुंटूची लांब मुदतीची आवृत्ती टाका. २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टाकतानाच डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय येतो, तो निवडा, म्हणजे मशीन चोरीला गेली तरी कागद वाचता येणार नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनचं लिनक्स ड्रायव्हर मिळतं का आणि प्रिंटर चालतो का, हे आधी पेन ड्राइव्हवरूनच उबुंटू चालवून बघा. त्यासाठी विंडोज पुसावं लागत नाही. दुसऱ्या मशीनवर विंडोज १० राहू दे, कारण श्रीलिपी फाँटात टाइप केलेले जुने दावे लिनक्सवर उघडताना तुमच्या क्लार्कच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवा आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह तिला लावू देऊ नका.

पेन ड्राइव्हचं मी अनुभवानं सांगतोय. एका डीटीपीच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमधले माझे सगळे फोल्डर एकदा शॉर्टकट होऊन बसले होते. दोन लेख गेले म्हणून मी डोकं धरून बसलो. शेवटी शेजारच्या पोरानं तोच ड्राइव्ह लिनक्सला लावला तर फाइली जागच्या जागी, नुसत्या लपवलेल्या. तो व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला होता, लिनक्सवर त्याला हातपायच नव्हते. घरच्या वापरात लिनक्सचा हा फायदा आजही खरा आहे. पण त्याचं मोठं कारण असं की डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे थोडे, आणि चोर गर्दीच्या बाजारातच खिसे कापतो.

प्रश्न : अँड्रॉइड लिनक्सवरच बनलंय म्हणतात. मग मोबाइलवर इतक्या फसवणुका का होतात? आणि दुकानातल्या सीसीटीव्हीलाही धोका असतो का?
– एक व्यापारी वाचक, शाहूपुरी

उत्तर : अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. पण व्हॉट्सअॅपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वाहनाचं चलन’ म्हणून आलेली एपीके फाइल तुम्ही स्वतः उघडता, मेसेज वाचायची परवानगीही स्वतःच देता. ओटीपी तिथूनच जातो. पहारेकऱ्याला मालकानंच सांगितलं, ‘पाहुणे आहेत, सोड,’ तर तो काय करणार?

सीसीटीव्हीचं म्हणाल, तर तुमच्या गल्ल्यामागचा डीव्हीआर बहुधा लिनक्सवरच चालतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरनं असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कुठलंही अवघड भोक न शोधता, कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकामागून एक घालून बघत. डीव्हीआर बसवून गेलेल्या माणसानं पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला असेल. ती चिठ्ठी काढा. वर ‘ॲडमिन’ आणि खाली १२३४५६ असेल तर आज दुकान बंद करायच्या आधी तो बदला.