सरासरी आणि विस्तार : खातेवहीतील एक धडा

आमच्या व्यापारी घरांतील मुले लहानपणापासून हिशेबाच्या सहवासात वाढतात. तरीही शाळेच्या गणितात 'सरासरी' व 'विस्तार' ही प्रकरणे आली की, ती केवळ परीक्षेपुरती आहेत असे त्यांस वाटते. वास्तविक दुकान चालविणाऱ्यास याहून उपयोगी धडा क्वचितच सापडेल. म्हणून तो आम्ही येथे उधारीच्या खात्यावरून मांडीत आहोत. उदाहरणांतील आकडे मुलांस सोपे जावेत एवढ्याच हेतूने योजिले आहेत.

सरासरी काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली सर्वत्र सारखी नसेल, तर ती अनेक ठिकाणी मोजावी आणि मापांच्या बेरजेस ठिकाणांच्या संख्येने भागावे, असे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) सांगितले आहे. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या 'गणितसारसंग्रहा'त निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र केल्यास मिश्रणाचा कस किती, याचे गणित आहे. वजनाच्या प्रमाणात काढलेली तीही सरासरीच होय.

आता दोन गिऱ्हाइके घेऊ. पहिल्याने पाच वेळची उधारी अनुक्रमे २८, २९, ३०, ३१ व ३२ दिवसांनी फेडली; दुसऱ्याने १०, १५, ३०, ३५ व ६० दिवसांनी. दोहोंची बेरीज १५० व सरासरी ३० दिवस. मग दोघांस सारखीच उधारी द्यावी काय? दुकानदारास स्वतःचे देणे बत्तिसाव्या दिवशी चुकवावयाचे असेल, तर पहिल्याचा पैसा पाचही वेळा हाती आला असता; दुसऱ्याचा दोन वेळा आला नसता. सरासरी तीच, पण पत राखण्याचा प्रश्न आला की दोघांत केवढे अंतर!

हे अंतर मोजण्याची दोन साधने आहेत. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा केला म्हणजे विस्तार मिळतो. पहिल्याचा विस्तार ४ दिवस, दुसऱ्याचा ५०. परंतु विस्तार केवळ दोन टोके पाहतो. म्हणून प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढून त्या अंतरांचीही सरासरी घ्यावी. तिला सरासरी विचलन म्हणतात. पहिल्याची अंतरे २, १, ०, १, २. बेरीज ६, विचलन १.२ दिवस. दुसऱ्याची २०, १५, ०, ५, ३०. बेरीज ७०, विचलन १४ दिवस.

दोन सरासऱ्यांची तुलना करतानाही हे विचलन जवळ ठेवावे. पहिल्या गिऱ्हाइकाच्या प्रत्येक आकड्यात ४ मिळविले, तर सरासरी ३४ होते व विचलन १.२ च राहते. येथे ४ दिवसांचा फरक विचलनाच्या तिपटीहून अधिक आहे. अशा गिऱ्हाइकास उशीर करण्याची सवयच आहे असे समजावे. दुसऱ्याच्या आकड्यांतही ४ मिळविले तर सरासरी ३४ च येते. पण विचलन १४ असल्याने ४ दिवसांच्या फरकावरून काहीच ठरविता येत नाही. तेथे निर्णय देण्याची घाई करू नये.

एक सावधगिरी आणखी. कोणी २८, २९, ३०, ३१ दिवसांनी फेडीत आला आणि घरच्या आजारपणामुळे एकदा ९२ दिवस लागले, तर सरासरी ४२ वर जाते. पण आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर तो ३० च राहतो. हाच मध्यक. एका अडचणीच्या प्रसंगावरून माणसास वाईट ठरविण्याचा अन्याय मध्यक पाहिल्याने टळतो.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, येत्या सुटीत मुलांस जवळ बसवून खातेवहीतील दोन खाती नावे झाकून द्यावीत. सरासरी, मध्यक, विस्तार व विचलन काढून कोणास किती उधारी द्यावी हे त्यांनीच सांगावे आणि कारणही द्यावे. नोंदी पाचांहून जितक्या अधिक असतील, तितका निष्कर्ष भरवशाचा होईल. मुलाचे उत्तर आपल्या अनुभवाशी जुळले नाही, तर त्यास चूक म्हणण्यापूर्वी ते खाते आपण स्वतः एकदा तपासून पाहावे.