थर्मोस्टॅटला काय कळते?

मोबाइलवरून घराचे तपमान राखणारा वाय-फाय थर्मोस्टॅट आता आपल्याकडेही बाजारात मिळू लागला आहे. भिंतीवर बसवायची एवढीशी डबी; तिला '२६ अंश' असे सांगितले की पुढचे सर्व ती पाहून घेते, असा विक्रेत्याचा दावा असतो. हा दावा खरा की खोटा, याचे उत्तर त्या डबीवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ती कोणत्या यंत्राला जोडली यावर अवलंबून आहे. मे महिन्यात ४५° से. सहज ओलांडणाऱ्या नागपूरसारख्या गावात, जेथे निम्म्याहून जास्त उन्हाळा कूलरच्या भरवशावर काढायचा असतो, तेथे तर हा प्रश्न फारच मनोरंजक होतो.

प्रथम थर्मोस्टॅट म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण त्याला तापनियंत्रक म्हणू. विजेवर चालणाऱ्या तापनियंत्रकाचा जन्म एका शाळेत झाला, हे वाचून तुम्हाला गंमत वाटेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षकांच्या विद्यालयात वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तेथील थंडीत तळघरातल्या भट्टीने वर्ग गरम ठेवावे लागत. शिपाई वर्गावर्गांत येऊन तापमापक पाही आणि मग तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करी. शिकवताना येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातील तपमान बदलताच तळघरात घंटा वाजेल अशी विजेची युक्ती योजली. १८८३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. आजचा वाय-फाय थर्मोस्टॅट म्हणजे तीच घंटा. फक्त तार गेली आणि तिच्या जागी रेडिओलहरी आल्या.

यातील भौतिकी तुमच्या घरातल्या इस्त्रीतही आहे. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या, तर तापल्यावर त्या सारख्या प्रसरण पावत नाहीत. परिणामी जोडपट्टी वाकते आणि विद्युतमंडल तोडते. नव्या डबीत पट्टीच्या जागी थर्मिस्टर असतो. हा असा रोधक आहे की तपमान वाढले की त्याचा रोध घटतो. नेहमीच्या वापरातल्या थर्मिस्टरचा रोध २५° से. ला १० किलो-ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ४ टक्के कमी होतो. डबीतील चिप हा रोध मोजून रिले चालू किंवा बंद करते.

आता एक प्रश्न. २६ अंशांवर बंद आणि २६ च्या वर गेले की चालू, असा नियम ठेवला तर काय होईल? तपमान २६ च्या आसपास रेंगाळू लागताच रिले मिनिटाला दहा वेळा टकटक करील. म्हणून मध्ये थोडी मोकळीक ठेवतात: २६.५ ला चालू, २५.५ ला बंद. एअर कंडिशनरच्या काँप्रेसरला तर बंद झाल्यावर आतील वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा होण्यासाठी सुमारे तीन मिनिटांची उसंत लागते. ती न देता पुन्हा सुरू केला, तर त्याच्यावर फाजील भार पडतो.

इथवर सारे ठीक. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: थर्मोस्टॅटला खोलीचे तपमान कळत नाही. त्याला कळते ते फक्त स्वतःचे. दुपारभर उन्हाने तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर तो ठोकला, तर तो भिंतीचेच तपमान सांगणार. टीव्हीच्या मागे ठेवला तर टीव्हीचे, कूलरच्या झोतात ठेवला तर झोताचे. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच, ऊन आणि झोत दोन्ही चुकवून तो लावावा. संवेदकाने दगा दिला की काय होते याचे ठळक उदाहरण नागपुरातच घडले आहे. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तपमान ५६° से. च्या आसपास नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. संवेदक बिघडल्यामुळे ही नोंद चुकीची आली, असा खुलासा हवामान खात्याने केला. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९° से. आहे, २३ मे २०१३ चा. हवामान खात्याजवळ ताडून पाहायला दुसरी उपकरणे असतात. तुमच्या भिंतीवरच्या डबीजवळ नसतात. ती जे वाटेल ते खरे मानून यंत्र चालवीत राहते.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेतल्या नातेवाइकाने भेट म्हणून आणलेला थर्मोस्टॅट आपल्याकडे बहुधा कपाटातच राहतो. तो तेथील मध्यवर्ती भट्टीच्या २४ व्होल्टच्या नियंत्रक तारांसाठी बनवलेला असतो, आणि आपल्या भिंतीत येतात २३० व्होल्ट! शिवाय आपल्या स्प्लिट एअर कंडिशनरमध्ये तापनियंत्रक मुळातच असतो. (१ जानेवारी २०२० पासून ताराचिन्हांकित एअर कंडिशनर सुरू करताच २४ अंशांवर लागावेत, असा नियमही आहे.) त्याला वाय-फायशी जोडायचे तर रिमोटची नक्कल करणारी अवरक्त किरणांची छोटी डबी पुरते. मात्र अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून डबी यंत्राच्या समोर हवी. शिवाय हा संवाद एकतर्फी असतो. 'बंद हो' असे डबीने सांगितले, पण यंत्राने ऐकले की नाही, हे तिला समजत नाही.

कूलरची गोष्ट वेगळी आहे आणि खरी मजा तिथेच आहे. खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर उष्णता बाहेर फेकत नाही. तो तिला पाण्याच्या वाफेत लपवतो. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तासाला साधारण ५ लिटर पाणी उडाले, तर एक टनी एअर कंडिशनरइतके थंडावण्याचे काम होते. वीज लागते ती फक्त पंख्याला आणि टुल्लू पंपाला, म्हणजे दोनएकशे वॅट.

पण या युक्तीला निसर्गाने एक तळ घालून दिला आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, की पारा जेथे स्थिरावतो ते ओल्या फुग्याचे तपमान. ताजे पाणी कितीही ओता, कूलर हवेला त्याखाली नेऊ शकत नाही. चांगल्या वाळ्याच्या ताट्या हवेचे तपमान आणि हा तळ यांतील अंतराच्या सुमारे ८० टक्के खाली नेतात. आता हिशेब करू. मेच्या दुपारी हवा ४५° से. आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तपमान सुमारे २४° येते. अंतर २१ अंश. त्याचे ८० टक्के १७. म्हणजे झोत २८ अंशांचा! जुलैत हवा ३१° आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर ओला फुगा २८° दाखवतो. अंतर तीनच अंशांचे. झोत २८.६ अंशांचा, आणि तोही दमट.

या दोन्ही दिवशी थर्मोस्टॅटवर २६ लावून पाहा. मेच्या दुपारी २६ कधीच गाठले जात नाही, म्हणून कूलर अखंड चालतो. चालू द्या, त्याची गरजच आहे. जुलैतही २६ गाठले जात नाही, म्हणून पंप अखंड चालतो आणि खोलीत ओल, घाम आणि बुरशी वाढवत राहतो. थर्मोस्टॅट आपले काम इमानाने करत असतो. त्याला आर्द्रता दिसतच नाही. म्हणून कूलरसाठी आर्द्रताही मोजणारी डबी घ्यावी, पंखा आणि पंप यांना वेगळे रिले द्यावेत, आणि आर्द्रता ६०–६५ टक्क्यांच्या वर गेली की पंप बंद व पंखा चालू असा नियम घालावा. खिडकी मात्र थोडी उघडी हवी. एअर कंडिशनरची सवय लागलेली मंडळी कूलर लावूनही दारेखिडक्या मिटतात. मग दमट हवा जाणार कुठे?

मग कूलरला थर्मोस्टॅट निरुपयोगीच का? नाही. एप्रिल-मेच्या उत्तररात्रीचा विचार करा. हवा ३२°, आर्द्रता ३० टक्के. ओला फुगा २० च्या आसपास, झोत साडेबावीसचा. पहाटे तीनला सगळे घर गारठते आणि कूलर बंद करायला कोणी उठायचे यावर अंथरुणातच वाद होतो. येथे २६ अंशांचा नियम चोख काम करतो. माझ्या मते कूलरवर थर्मोस्टॅट लावायचे याहून मोठे कारण नाही.

बसवताना वायरमनचीच मदत घ्यावी. रिले मोटारीचा भार पेलणारा असावा. डबी कूलरच्या पेटीत कधीही ठेवू नये. तेथे पाणी तर असतेच, शिवाय धातूचा पत्रा रेडिओलहरी परावर्तित करतो. यातल्या बहुतेक डब्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ही तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर होते. या लहरी भिंती बऱ्यापैकी ओलांडतात, पत्रा नाही. बसवून झाल्यावर राउटर बंद करून पाहा. इंटरनेट गेले तरी तपमानाचा नियम चालू राहतो ना, याची खात्री करा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. थर्मोस्टॅटने या धोक्यात एक भर घातली आहे. पूर्वी कूलर बंद म्हणजे कोणीतरी बटण दाबलेले असे. आता तो शांत आहे याचा अर्थ एवढाच, की डबीच्या मते सध्या गरज नाही. तुम्ही पाणी भरत असताना तपमान अर्धा अंश चढले किंवा बाहेरून कोणी मोबाइलवर बोट ठेवले, तर तो सुरू होईल. शिवाय रिले सहसा एकच तार तोडतो. घरातील जोडणी उलटी असेल, तर तुटते ती न्यूट्रल आणि फेज आतच राहते. म्हणून पाणी भरण्यापूर्वी, ताट्या बदलण्यापूर्वी प्लग उपसून काढायचा. मोबाइलवरचे 'बंद' धरायचे नाही. नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच या दोन्ही गोष्टी थर्मोस्टॅटच्या आधी घरात हव्यात.

डबी न घेताही एक प्रयोग करता येईल. दोन सारखे तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा, आणि पुठ्ठ्याने वारा घाला. पारा उतरायचा थांबला की दोन्ही वाचने घ्या. एप्रिलपासून रोज दुपारी तीनला सावलीत ही नोंद करा. मे महिन्यात दोहोंतील अंतर वीस अंशांच्या आसपास दिसेल; नवतपा सरला, जून अर्धा उलटला की ते झपाट्याने आकसू लागेल. अंतर पाचच्या खाली जाईल त्या दिवशी पंप बंद करून नुसत्या पंख्यावर बसा, दुसऱ्या दिवशी पंप लावून बसा, आणि कोणत्या दिवशी घाम कमी आला ते वहीत त्याच तारखेपुढे लिहा.