पाणी बदललं की ऑस्कर आडवा का पडतो?

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरलं की आमचा ऑस्कर मासा तळाशी आडवा पडतो. काय चुकतं? – एक वाचक, मोर्शी

उत्तर : उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवरची टाकी दुपारी कढत असते, मला तरी संशय तिचाच. ऑस्करला 25 ते 27 अंश मानवतं. पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून सावलीत ठेवा. नळाचं असेल तर अँटीक्लोरीन टाका. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यात एअर स्टोन रात्रभर सोडा. एका वेळी चौथा हिस्साच बदला. आधी हीटर बंद, नाहीतर उघडा पडून त्याची काच तडकते. फिल्टरचा स्पंज माशाच्या टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. क्लोरीनच्या पाण्यानं उपयोगी जिवाणू मरतात. मासा मात्र जाळीनं बाहेर काढू नका. ऑस्कर मुळातच रुसका, नुसत्या धसक्यानंही आडवा पडतो.