बंद दार आणि सातवा दिवस

शास्त्रभाग : लेवीय 13:1-6, 45-46, 14:1-3, 1 राजे 19:4-8, लूक 10:25-37



'टाळेबंदी' हा शब्द 2020 पूर्वीही आपल्या परिचयाचा होता. परंतु तो गिरण्या-कारखान्यांच्या संदर्भात. मालकाने कारखान्याला टाळे ठोकले की वर्तमानपत्रांत 'संप आणि टाळेबंदी' ही जोडी छापून येई. 24 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून तोच शब्द भारतातील घराघराला लागू झाला. प्रथम 21 दिवस, मग 3 मे, 17 मे, 31 मे अशी मुदत वाढत गेली. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण, 12 एप्रिलचा, मंडळ्यांनी आपापल्या घरी साजरा केला. पुढे 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. संकट ओसरले की त्याने शिकविलेले धडेही विसरले जातात. म्हणून दारे उघडी असतानाच बंद दाराविषयीचा हा पाठ अभ्यासणे हिताचे आहे.

1. वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे

लेवीयच्या 13 व्या अध्यायात संशयित रोग्याला याजकाने सात दिवस कोंडून ठेवावे असा नियम आहे. तेथील इब्री क्रियापदाचा मूळ अर्थ 'बंद करणे' असा असून ते दार लावण्यासाठीही वापरले जाते. त्याच धातूपासून बनलेला 'सेगेर' हा शब्द 2020 मध्ये इस्राएल देशातील लोक टाळेबंदीसाठी वापरीत होते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्या रोगाला आपण 'महारोग' किंवा 'कुष्ठरोग' म्हणत आलो, तो या अध्यायांत वस्त्राला आणि घराच्या भिंतीलाही होतो. तेव्हा तो आजचा कुष्ठरोगच होय असे समजू नये, आणि हा अध्याय वैद्यकाचा ग्रंथ म्हणूनही वाचू नये.

मात्र त्यातील व्यवस्था लक्षपूर्वक पाहा. कोंडण्याची मुदत ठरलेली आहे. सातव्या दिवशी रोग्याला पुन्हा पाहण्याचे काम एका नेमलेल्या माणसावर सोपविलेले आहे. खात्री न पटल्यास आणखी सात दिवस, आणि पुन्हा भेट. ज्याचा रोग निश्चित ठरला त्याने छावणीबाहेर एकटे राहावे, हा कठोर नियमही तेथे आहे. परंतु 14 व्या अध्यायात तो बरा झाला की नाही हे पाहण्यासाठी याजक स्वतः छावणीबाहेर जातो. दार बंद करणाऱ्यावरच पुन्हा जाऊन पाहण्याची जबाबदारी आहे. ही जबाबदारी ज्यात नाही, ते वेगळे ठेवणे राहत नाही. ते टाकून देणे होते.

2. प्रथम भाकर, मग बोध

एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करीत नाही. तो त्याला स्पर्श करून उठवितो व खावयास सांगतो. उशाशी भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. संभाषण होते ते पुढे, होरेब डोंगरावर.

घरात कोंडलेल्या कुटुंबाला यातून व्यवहाराचा धडा मिळतो. उठण्याच्या, जेवणाच्या व झोपण्याच्या वेळा सांभाळाव्यात. साथीच्या बातम्या दिवसातून एकदाच ऐकाव्यात. सर्वजण दिवसभर घरी असतात तेव्हा स्वयंपाकघराचा सर्व भार एकट्या गृहिणीवर पडू देऊ नये. एकाच मोबाइलवर दोघा-तिघा मुलांची शाळा भरत असेल, तर कोणी कधी बसावे हे आदल्या रात्री ठरवावे. शेजाऱ्याला फोन करताना बोधवचनाने आरंभ करू नये. सिलिंडर किती दिवस पुरेल, रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, रात्री झोप लागते का, हे आधी विचारावे.

3. शेजारी 'होणे'

लूकच्या शुभवर्तमानातील 'शेजारी' या शब्दाच्या जागी ग्रीक भाषेत 'प्लेसिओन' म्हणजे 'जवळचा' असा शब्द आहे. शास्त्र्याने विचारले की माझा शेजारी कोण. प्रभूने प्रश्न उलटविला : त्या जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला? 'होणे' हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. भिंतीला भिंत लागून असलेला मनुष्य आपोआप जवळचा ठरत नाही, आणि सहा फूट अंतर राखणारा आपोआप दूरचा ठरत नाही.

2020 मध्ये काही ठिकाणी डॉक्टर व परिचारिका यांनाच भाड्याच्या खोल्या सोडण्यास सांगण्यात आले. अशा कर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले, तेव्हा 22 एप्रिल 2020 रोजी त्यांच्या संरक्षणासाठी 1897 च्या साथरोग कायद्यात वटहुकूमाने दुरुस्ती करावी लागली. मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे तो कायदा झाला, त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी 10 मार्चला देह ठेवला.

शोमरोनी मनुष्याचे आणखी एक कृत्य ध्यानात घ्या. दुसऱ्या दिवशी तो पुढे गेला. परंतु जाताना उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी देऊन, परत येण्याचे वचन देऊन गेला. सर्व काही एकट्याने करणे शक्य नसते. काम दुसऱ्याच्या हाती सोपवून त्याचा खर्च उचलणे हीसुद्धा सेवाच होय.

4. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही

लुटारूंनी त्या मनुष्याचे कपडे काढून घेतले व त्याला अर्धमेला टाकले. वेश नाही, वाचा नाही. तो कोणत्या जातीचा वा गावचा हे ओळखण्यास साधन नाही. टाळेबंदीत अशी माणसे आपल्या शहरांत लाखोंनी होती. सरकारने दरमहा माणशी 5 किलो धान्य मोफत दिले. परंतु ते शिधापत्रिकेवर, आणि परप्रांतीय मजुरांपैकी अनेकांची शिधापत्रिका गावी होती. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे धान्य जाहीर झाले ते 14 मे रोजी. त्यापूर्वी, 8 मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले व थकून रुळांवर झोपलेले 16 मजूर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ मालगाडीखाली मरण पावले.

वाचकहो, यादी ही रुक्ष वस्तू वाटते. परंतु संकटात यादीबाहेरचा मनुष्य उपाशी राहतो.

5. आज करावयाचे काम

साथ येण्याची वाट न पाहता आपल्या चाळीची, इमारतीची अथवा मंडळीची एक वही करावी. एकटे राहणारे वृद्ध, रोजंदारीवर जगणारी कुटुंबे, नेमाने औषध लागणारे रुग्ण, भाड्याने राहणारे परगावचे लोक, सर्वांची नावे, धर्म न पाहता, त्यांच्या संमतीने तीत असावीत. प्रत्येक नावापुढे एका जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. रुग्ण घरीच वेगळा राहिल्यास तिने सकाळ-संध्याकाळ फोन करून ताप व ऑक्सिजनचे प्रमाण विचारावे. ते 94 च्या खाली गेल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. डबा दाराशी ठेवावा, घंटी वाजवावी, मागे सरावे आणि दार उघडेपर्यंत थांबावे. घरकामास येणाऱ्या बाईला येऊ नको असे सांगताना तिचा पगारही पोहोचवावा.

मननासाठी प्रश्न

(1) दार सात दिवस उघडले नाही तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, असे आपल्या वस्तीत कोण आहे?

(2) वहीत आपले नाव कोणाच्या नावापुढे लिहिण्यास आपण तयार आहात?

(3) आपल्या वहीत कोणाचे नाव लिहिण्यास आपला हात अडखळतो? तेथूनच आरंभ करावा.