परसात दहा कोंबड्या पाळायच्या, तर खर्च किती?

परसात कोंबड्या पाळायचे मनात आले की आधी चौकशी होते ती पिल्लांच्या भावाची. पण पिल्ले एकदाच घ्यायची असतात, खाद्य मात्र रोज लागते. म्हणून आधी खाद्याचा आणि मोकळ्या जागेचा हिशेब मांडा. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या गावचा भाव विचारून ते बदलून घ्या.

कोणत्या कोंबड्या घ्याव्यात?

गावठी कोंबडी काटक असते, खुडूक बसून पिल्लेही स्वतः काढते. पण वर्षाला अंडी साठ-सत्तरच देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया जात परसात साधारण १५० अंडी देते. अंडी आणि मांस दोन्ही हवे असेल तर वनराजा घ्यावी. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते.

नवख्याने एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि मरही याच काळात जास्त होते. चार आठवड्यांची, राणीखेत व गंबोरोच्या लसी दिलेली पिल्ले थोडी महाग पडली तरी तीच घ्यावीत.

खुराडे कसे असावे?

दहा कोंबड्यांना रात्रीपुरते ५ फूट × ४ फूट खुराडे पुरते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. मुंगूस आणि साप आत शिरू नयेत म्हणून अर्ध्या इंचाची जाड जाळी लावावी. इथे काटकसर करू नका. आत बसायला आडवी काठी, अंडी घालायला दोन-तीन खोकी आणि खाली दोन-तीन इंच भाताचे तूस. तूस आठवड्याला खालीवर करावे. ते ओले राहिले की रक्ती हगवण लागते, म्हणून पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, छप्पर चारही बाजूंनी पुढे काढावे.

सुरुवातीचा खर्च (रुपये)

- दहा पिल्ले: १,२०० ते १,५००
- खुराडे: ५,००० ते ७,०००
- पाण्याची व खाद्याची भांडी: ५००
- लसी, जंताचे औषध: ३००
- अंडी सुरू होईपर्यंतचे खाद्य: २,५००
- एकूण: ९,५०० ते ११,८००

तलंगा पाच-साडेपाच महिन्यांच्या झाल्यावर अंड्यावर येतात. तोवर खर्चच खर्च आहे, हे धरून चाला.

एक अंडे कितीला पडते?

दिवसभर बाहेर चरणाऱ्या कोंबडीला रोज ५० ग्रॅम खाद्य पुरते. किलोला ४० रुपये धरले तर दहा कोंबड्यांचे रोजचे २० रुपये, वर्षाचे ७,३०० होतात. एखादी कोंबडी दगावेल असे धरून वर्षाला १,३५० अंडी मिळाली, तर एका अंड्यामागे खाद्याचा खर्च साडेपाच रुपयांच्या आत बसतो. कोंडून ठेवलेल्या कोंबडीला ११० ते १२० ग्रॅम लागतात. अंडी थोडी वाढली तरी तोच खर्च दहा रुपयांच्या आसपास जातो. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्या, नाहीतर कवच पातळ येते.

लस चुकवू नका

सहाव्या ते दहाव्या आठवड्यात देवी आणि राणीखेतच्या लसी उरतात. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजाऱ्यांच्या कोंबड्या एकत्र करून पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकाच दिवशी लस द्या. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर त्या न विकता, न खाता लगेच दवाखान्यात कळवा.

शहरात किंवा सोसायटीत राहत असाल तर परवानगीची चौकशी आधी करा. दिवसभर चरायला मोकळी जागा असेल तर दहा कोंबड्या जरूर पाळा. ती नसेल तर घरच्या अंड्यांपुरत्या चार-पाचच ठेवा. विक्रीचा हिशेब तिथे बसणार नाही.