धूर आणि वाफ

“विडी-सिगारेट सुटत नसेल तर तिच्याऐवजी हे विजेचे यंत्र ओढा. यात धूर नाही, नुसती वाफ आहे, तेव्हा अपाय नाही,” असे सांगणारे लोक आता पुष्कळ भेटतात. या यंत्रास ई-सिगारेट म्हणतात. तरुण मंडळी ‘व्हेप’ म्हणतात. शहरात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या तोंडून हे नाव शिरूर-दौंडच्या गावांपर्यंत आले आहे. दुसरे लोक म्हणतात, “छे, ते विडीहूनही वाईट. म्हणून तर सरकारने बंद केले.” दोघांच्याही बोलण्यात थोडे खरे आहे आणि थोडे निसटलेले आहे. म्हणून या विषयाचा क्रमाने विचार करू.

शंका पहिली : धूर आणि वाफ यांत फरक तो काय?

समाधान : केडगाव-पाटसकडच्या माणसास हे गुऱ्हाळावरून चटकन समजेल. खाली चुलाणात चिपाड जळते, त्याचा धूर होतो. वर काहिलीत रस उकळतो, त्याची वाफ होते. विडी-सिगारेट हे चुलाण समजा. तीत तंबाखू प्रत्यक्ष जळते. त्या जळण्यातून डांबरासारखा चिकट पदार्थ निघतो, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि इतर हजारो रसायने निघतात. त्यांपैकी निदान ७० तरी कर्करोग करणारी आहेत. तलफ लावणारे द्रव्य निकोटीन. पण ओढणाऱ्याची छाती आणि काळीज नासते ते मुख्यतः या धुराने.

ई-सिगारेट हे काहिलीच्या जातीचे. तिच्यात एक छोटी बॅटरी असते, तारेचे वेटोळे असते आणि एक द्रव असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवासाची द्रव्ये आणि बहुधा निकोटीन, असा तो द्रव. तार तापली की त्याचे बारीक तुषार होतात आणि ते ओढावयाचे. आत काही जळत नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. एवढा फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘नुसती वाफ’ हे मात्र खरे नव्हे. काहिलीची वाफ पाण्याची असते. ही पाण्याची नव्हे. शिवाय रस ढवळला नाही तर काहिलीच्या तळाशी करपतो ना? तसे तार फार तापली की हा द्रवही करपतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. तारेच्या धातूचे सूक्ष्म कणही तुषारांत सापडले आहेत. आणि निकोटीन तर आहेच.

शंका दुसरी : मग अपाय कमी की जास्त? तज्ज्ञांचे एकमत का होत नाही?

समाधान : इंग्लंडच्या सरकारी आरोग्यखात्याने २०१५ साली सांगितले की, सिगारेटच्या मानाने याचा अपाय सुमारे ९५ टक्के कमी आहे. हा आकडा जगभर गाजला. पण तो मोजमाप करून काढलेला नव्हता. काही जाणकारांनी बांधलेला तो अंदाज होता, आणि त्यावर इतर वैद्यांनी कडक टीकाही केली. हे यंत्र चीनमध्ये हॉन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ साली तयार केले. धूम्रपानाचा कर्करोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. तेव्हा या यंत्राचा दूरचा हिशेब अजून कोणापाशीच पुरा नाही.

उलट बाजूस अमेरिकेचे उदाहरण देतात. तेथे २०१९ साली अशी यंत्रे ओढणाऱ्यांची फुप्फुसे एकाएकी निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रोग्यांची नोंद झाली आणि ६८ माणसे दगावली. हे भयंकर आहे. पण शोध घेता असे दिसले की, बहुतेकांनी गांज्याच्या अर्काचा, चोरट्या बाजारातला द्रव ओढला होता, आणि त्यात ‘व्हिटामिन ई ॲसिटेट’ नावाचे तेलकट द्रव्य मिसळलेले होते. म्हणजे हा दाखला साध्या निकोटीनच्या यंत्रास जसाच्या तसा लागू पडत नाही. मात्र एक धडा त्यातून निघतो तो हा, की चोरून विकत घेतलेल्या नळीत काय भरले आहे हे ओढणाऱ्यास कळत नाही.

शंका तिसरी : याने विडी-सिगारेट सुटते हे तरी खरे ना?

समाधान : काहींची सुटते. २०१९ साली इंग्लंडमधील ८८६ धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांस ई-सिगारेट दिली आणि अर्ध्यांस निकोटीनची च्युइंगम, चिकटपट्टी वगैरे औषधे दिली. वर्षाअखेर पहिल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्यांपैकी ९.९ टक्क्यांची. म्हणजे यंत्राचा गुण जवळजवळ दुप्पट. पण पुढचा आकडा वाचल्यावाचून पान उलटू नये. यंत्राने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही यंत्र ओढतच होते. औषधाने सुटलेल्यांपैकी औषध चालू असणारे फक्त ९ टक्के होते.

चुलाण विझले हा लाभच आहे, त्यास कमी लेखू नये. पण मालक बदलला म्हणून गडी मोकळा झाला असे होत नाही. बांधून ठेवणारे निकोटीन तेच राहिले.

शंका चौथी : कमी अपायाची वस्तू बंद, आणि विडी दुकानात राजरोस, हा कुठला न्याय?

समाधान : हा प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनविणे, आणणे, विकणे, साठविणे, तिची जाहिरात करणे, सारे बंद. विकणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विडी-सिगारेट मात्र विकण्यास मोकळी. टीकाकार म्हणतात, यामुळे सोडू पाहणाऱ्याची एक वाट बुजली. इंग्लंडने नेमका उलट मार्ग धरला आणि सोडू इच्छिणाऱ्यांस ही यंत्रे फुकट दिली.

सरकारची बाजू मुलांची. अमेरिकेत २०१९ साली वरच्या वर्गांतील शाळकरी मुलांपैकी २७.५ टक्के मुले ई-सिगारेट ओढत होती. पुढे निर्बंध आले, जागृती झाली, आणि २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. आंब्याच्या, पुदिन्याच्या वासाची, पेनासारखी दिसणारी ही नळी म्हाताऱ्या विडीबहाद्दरासाठी केलेली दिसते का, तुम्हीच सांगा. ज्याने कधी काडी ओढली नाही त्या पोरास ‘विडीपेक्षा कमी वाईट’ या बोलण्याचा काय उपयोग? त्याने ताडून पाहावयाचे ते विडीशी नव्हे, आपल्या मोकळ्या श्वासाशी. आणि वाढत्या वयाच्या मेंदूस निकोटीनची गोडी फार लवकर लागते. इंग्लंडलाही अखेर जून २०२५ पासून एकदा वापरून फेकण्याच्या नळ्या बंद कराव्या लागल्या.

शंका पाचवी : आमच्या गावाला यातले काय लागू?

समाधान : खरा मुद्दा येथेच आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे तंबाखू सेवन करणारी आढळली. त्यांत ओढणारे होते ३.८ टक्के, तोंडात धरणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. (काही लोक दोन्ही करतात.) म्हणजे आपला मोठा रोग धुराचा नाहीच. तो चंचीतला, चुन्याच्या डबीतला आणि मिश्रीच्या तव्यावरचा आहे. धुराच्या जागी वाफ आणून या लोकांचे काय भले होणार?

आणि हे दुखणे आपल्या जिल्ह्यात मोजलेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वैद्यांनी पुणे जिल्ह्यातील खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. एक-दोन नव्हे, महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची ही तपासणी १९७२ साली प्रसिद्ध झाली, आणि तंबाखूचा तोंडातील डागांशी व कर्करोगाशी असलेला संबंध जगापुढे आला. आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तरी आषाढी वारीची पालखी यवत-वरवंडास टेकली की चंची हातोहात फिरतेच. मद्य-मांस वर्ज्य करणारा माळकरी तंबाखूस वर्ज्यांत धरीत नाही. एकादशीस अन्न सुटते, पण चुना-तंबाखू सुटत नाही. घरच्या बायका मिश्रीस दात घासण्याचे साधन समजतात; पोटुशी असतानाही ती चालूच राहते, आणि निकोटीन पोटातल्या लेकरापर्यंत पोचते.

शंका सहावी : मग करावे काय?

समाधान : सोडण्याचा दिवस ठरवा आणि घरात सर्वांस सांगा. आदल्या रात्री चंची, डबी, काडेपेटी घरातून बाहेर काढा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, डोके धरते. हा रोग नव्हे. निकोटीन सुटत असल्याची ती खूण आहे. दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, शेताला एक फेरी मारून या. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. डॉक्टरांस विचारून निकोटीनची च्युइंगम किंवा गोळ्या घेता येतात. तोंडात पांढरा-लाल डाग असेल किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल, तर आजच दवाखाना गाठा.

ज्यांची मुले बाहेरगावी आहेत त्यांनी नुसते रागावू नये, हे सारे त्यांस समजावून सांगावे. आणि समजावताना आपल्या हातात चंची नसावी. मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त.