स्वयंपाकाचा आरंभ वरण-भातापासून

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने नाशिकमध्ये प्रथमच एकट्याने राहू लागलेल्या तरुण-तरुणींचा स्वयंपाक बहुधा पहिल्या महिन्यातच बंद पडतो, कारण त्याचा आरंभ चुकीच्या टोकाकडून झालेला असतो. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींत कामाला आलेले असोत किंवा गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या परिसरात खोली घेऊन शिकणारे असोत, त्यांच्या अनुभवांत एकच क्रम पुनःपुन्हा आढळतो. सुटीच्या दिवशी भांडी, मसाल्यांची पाकिटे आणि पाच-सहा प्रकारच्या भाज्या एकदमच आणल्या जातात, पहिला पदार्थ म्हणून बिर्याणी किंवा पनीरची रस्साभाजी निवडली जाते, ती करण्यात सारी संध्याकाळ जाते, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून परतल्यावर तेवढा वेळही नसतो व तेवढी उमेदही नसते. मेथीची जुडी पिवळी पडते, कोथिंबीर काळी पडते, आणि आठवड्याच्या अखेरीस मनुष्य पुन्हा खानावळीच्या डब्याकडे व सकाळच्या मिसळीकडे वळतो. या अपयशाचा दोष तो स्वतःच्या हातांना देतो, आणि हा गैरसमज वाया गेलेल्या भाजीपेक्षा अधिक नुकसान करतो, कारण त्यानंतर वर्षानुवर्षे तो शेगडीजवळ जात नाही.

म्हणून नवशिक्याने सणाचे पदार्थ दूर ठेवून रोजच्या जेवणापासून, आणि त्यातही वरण-भातापासून आरंभ करावा, असे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. हे जेवण आजारी माणसाचे किंवा घाईच्या दिवसाचे आहे, ही समजूत सोडून दिली पाहिजे. प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत व ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदळात यांतील लायसिन कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन कमी असते व ते तांदळातून मिळते. म्हणजे ही दोन साधी धान्ये एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील व पालेभाजीतील लोह शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात 2,000 किलोकॅलरींच्या दिवसाला सुमारे 250 ग्रॅम धान्ये, 85 ग्रॅम डाळी व कडधान्ये आणि 400 ग्रॅम भाज्या असे प्रमाण सुचविलेले आहे. बाहेरच्या जेवणात धान्य व तेल यांचा वाटा सहज वाढतो आणि डाळ व भाजी मागे पडते. घरी हा तोल सांभाळणे फारसे कठीण नसते.

एका माणसाच्या एका जेवणास पाव वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी तांदूळ पुरतात. वाटी आणि चमचा हीच मापे नवशिक्याने धरावीत. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने 1970 पासून महाराष्ट्रातील कित्येक नवख्या घरांना जो आधार दिला, त्याचे एक मोठे कारण हेच होते की त्यातील प्रमाणे प्रत्येक घरात असलेल्या वाटी-चमच्यांनी सांगितलेली होती. ‘अंदाजाने मीठ’ हा अनुभवी हाताचा शब्द आहे. ज्याचा अंदाज अजून घडायचा आहे त्याने तो मुळीच ऐकू नये.

डाळ शिजविण्यासाठी तीन लिटरचा लहान कुकर घ्यावा, आणि त्याचे कार्य समजून घेऊनच तो वापरावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या पातेल्यातील पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, तर बंद कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे तापमान 120 अंशांपर्यंत जाते व डाळ थोड्या वेळात मऊ होते. शिट्ट्या मोजण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली तरी ती बेभरवशाची आहे, कारण आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ मात्र कच्चीच राहते. त्यापेक्षा पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून घड्याळाने दहा-बारा मिनिटे मोजावीत आणि दाब आपोआप उतरू द्यावा. झाकण जोर लावून उघडणे हा स्वयंपाकघरातील गंभीर अपघातांचा एक मार्ग आहे. खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ आणि तळाशी पाणी, अशी मांडणी केल्यास एकाच शेगडीवर जेवण तयार होते. तळाचे पाणी विसरले, तर मात्र जादा दाब सोडण्यासाठी बसविलेला सुरक्षा व्हॉल्व्ह वितळतो. कुकरमध्ये डाळ थेट शिजवायची असेल तर तो अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण डाळीचा फेस शिट्टीच्या छिद्रात अडकतो. पाण्यात तेलाचा एक थेंब टाकल्यास हा फेस कमी होतो.

डाळ शिजत नाही ही तक्रार नेहमीची आहे आणि तिची कारणे ठाऊक असली की ती बहुतांशी दूर होते. चिंच, कोकम किंवा टोमॅटो आधीच घातला, तर आम्लामुळे पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन हे द्रव्य सुटत नाही व दाणा घट्ट राहतो. म्हणून आंबट पदार्थ डाळ पूर्ण शिजल्यानंतरच घालावा. जुनी डाळ आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी यांचाही असाच परिणाम होतो, त्यामुळे डाळ अर्धा तास भिजवून ठेवणे आणि महिन्याला पुरेल इतकीच खरेदी करणे श्रेयस्कर. तांदळाच्या बाबतीत इगतपुरी-घोटीकडील इंद्रायणी सहज मिळतो व चवीला उत्तम असतो, परंतु नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि चिकट होतो, हे ध्यानात ठेवून त्याला दुप्पटीपेक्षा थोडे कमीच पाणी द्यावे.

फोडणी म्हणजे तापलेल्या तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद क्रमाने घालून त्यांचा स्वाद तेलात उतरविण्याची क्रिया. मोहरी तडतडेपर्यंत थांबणे आवश्यक असते, आणि हिंग-हळद सर्वांत शेवटी, आच कमी करून घालावी लागते, कारण ती क्षणात करपतात. या एका क्रियेतून वरणाची आमटी होते, उकडलेल्या बटाट्याची भाजी होते, उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो. म्हणूनच वरण-भातानंतर शिकण्याची दुसरी गोष्ट ती असावी, आणि दहा निरनिराळ्या पाककृती पाठ करण्यापेक्षा तिचा हात बसविणे अधिक उपयोगाचे आहे. कढईतील तेलाने पेट घेतला, तर त्यावर कधीही पाणी टाकू नये. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे.

बाजारहाटाविषयी एक सावधगिरी नाशिककरांना विशेष सांगण्यासारखी आहे. हा जिल्हा लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो यांमुळे प्रसिद्ध असल्यामुळे येथे भाजी मुबलक व ताजी मिळते, आणि गोदाघाटावरील बुधवारच्या बाजारात नवशिक्याचा हात सैल सुटतो. परंतु सर्व कांदा सारखा टिकत नाही. उन्हाळी कांदा शेतकरी चाळीत साठवून महिनोन्‌महिने ठेवतात, तो घरीही हवेशीर जागी बराच काळ राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा लाल कांदा मात्र लवकर कोंब धरतो व सडतो, तेव्हा तो एका वेळी अर्धा किलोपेक्षा अधिक घेऊ नये. पालेभाजी एका खेपेला एकच जुडी आणावी व ती त्याच दिवशी निवडून, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी. दुधी, गाजर, कोबी यांसारख्या टिकणाऱ्या भाज्या मागाहून वापराव्यात. एवढा क्रम पाळला तरी वाया जाण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

मिसळीच्या या शहरात तिचाच गाभा असलेली मटकीची उसळ घरी न करणे ही खेदाची गोष्ट आहे. तर्रीचे तेल, फरसाण आणि पाव बाजूला केले की उरते ते उत्तम अन्न. मटकी रात्रभर भिजवून, पाणी काढून, ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा त्यास दोन दिवसही लागतात, आणि घाई करण्यात अर्थ नसतो. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते व खनिजांना अडवून धरणारे फायटेट घटते. ज्या ऊबदार ओलाव्यात मोड येतात त्यातच रोगजंतूही वाढत असल्यामुळे कच्चे मोड खाण्यापेक्षा शिजवून खाणे सुरक्षित ठरते. राजमा निवडणाऱ्याने तर तो भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण उकळीवर शिजवलाच पाहिजे. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन या द्रव्याने तीव्र उलट्या होतात.

सर्वांत अधिक जपावे ते उरलेल्या भाताच्या बाबतीत, कारण येथे साधी दिसणारी सवय प्रत्यक्ष आजार घडविते. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि बीजाणू म्हणजे त्याची सुप्त, टणक अवस्था, जी शिजविण्यानेही नष्ट होत नाही. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते बीजाणू जागे होऊन वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, त्यामुळे सकाळचा भात रात्री फोडणीला टाकून ‘निर्जंतुक’ झाला असे मानणे चूक आहे. नाशिकचा एप्रिल-मे 40 अंशांपर्यंत तापतो; त्या दिवसांत फ्रीज नसलेल्या खोलीत एका वेळेपुरताच भात लावावा, आणि फ्रीज असेल तर शिजल्यापासून दोन तासांच्या आत, पसरट डब्यात घालून आत ठेवावा.

गॅसविषयीची दक्षता थोडक्यात अशी: वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून केवळ वरची खिडकी उघडणे पुरेसे नसते. दुसरी दक्षता मिठाची: ते दिवसाला 5 ग्रॅमच्या, म्हणजे एका छोट्या चमच्याच्या आत राहावे. घरी शिजविणाऱ्याला ते मोजता येते, खानावळीत जेवणाऱ्याला येत नाही.

वरण-भात, एक भाजी आणि एक उसळ हाताला बसली की मग पोळी-भाकरीकडे वळावे, आणि तेथेही नागलीला, म्हणजे इतरत्र जिला नाचणी म्हणतात तिला, विसरू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या डोंगरउतारांवर ती पिकते, आणि 100 ग्रॅम नागलीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे पांढऱ्या तांदळात जेमतेम 10 मिलिग्रॅमच्या घरात असते. तिच्या पिठात गव्हाप्रमाणे ग्लुटेन हे चिकटपणा देणारे प्रथिन नसल्यामुळे गार पाण्याने मळलेली भाकरी थापताना चिरते; पिठावर उकळते पाणी ओतून उकड काढली की त्यातील पिष्ट फुलते आणि भाकरी धरून राहते. थापण्याचे कौशल्य येईपर्यंत त्याच पिठाचे दोन चमचे गार पाण्यात कालवून, उकळत्या पाण्यात ढवळत शिजवावेत व निवल्यावर ताक आणि मीठ घालावे. ही आंबील न्याहारीस पुरते आणि ती करण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.